सातव्या गाठीखाली

१

तलावातून तपासणीला पाणी काढायचं काम तसं कुणालाही जमेल असं आहे. सकाळी साडेसातला होडी सोडायची, पाण्यावर तरंगत्या पाच पिंपांपाशी एकेक करून थांबायचं, प्रत्येक ठिकाणी बाटली चार गाठी खोल सोडायची, भरली की वर घ्यायची, छोट्या बाटलीत ओतायची आणि ती लॅबमध्ये आणून ठेवायची. दोरीला दर मीटरला एक गाठ असते. सातव्या गाठीला तळ लागतो, पण तिथपर्यंत जायचं कारणच पडत नाही.

बाटली शिशाच्या जड पिंजऱ्यात बसवलेली असते. तिच्या तोंडाला काचेचं बूच आणि बुचाला वेगळी बारीक दोरी. चौथी गाठ पाण्यात गेली की बारीक दोरीला एक हिसका द्यायचा. खाली बूच निघतं, वर बुडबुडे येतात, बुडबुडे थांबले की बाटली भरली. वर येते तेव्हा बूच बाजूला लोंबकळत असतं. ते लोंबकळणारच, बिचारं दुसरं काय करणार?

एवढं बारीकसारीक सांगतेय, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, बाईला वय झाल्यामुळे भास होतात. वय झालंय, नाही कोण म्हणतंय? पण लॅबमध्ये एकवीस वर्षं बाटल्या धुतल्यात मी. उघडी बाटली आणि बंद बाटली यातला फरक मला कळतो.

त्या सोमवारी पहिल्या दोन बाटल्या नेहमीसारख्या आल्या. तिसऱ्या पिंपापाशी मी हिसका दिला, बुडबुडे आले, थांबले. दोरी ओढली. बाटली काठोकाठ भरलेली होती आणि तोंडावर बूच घट्ट बसलेलं होतं.

मी ते हातात घेऊन बघत बसले. मग स्वतःलाच म्हटलं, असेल बाई, पाण्याच्या दाबानं बसलं असेल. चौथ्या पिंपाकडे वल्ही मारली. ऊन डोक्यावर यायच्या आत परतायचं होतं आणि माझं कंबरडं आधीच बोलायला लागलं होतं.

२

हे काम मुळात माझं नव्हेच. सव्वीस वर्षं ते माझ्या थोरल्या भावानं केलं. मी लॅबमध्ये मदतनीस आणि दादा तलावावर, त्यामुळे रोज सकाळी पावणेनऊला आमची भेट ठरलेली. तो बाटल्यांची पेटी टेबलावर आदळायचा आणि म्हणायचा, "घे बारके, तुझ्या पोरी आणल्यात, आंघोळी घाल." पन्नाशी उलटली तरी मी त्याची बारकी.

त्याची एक खोड होती. पिंजऱ्यातली मोठी बाटली होडीतच छोट्या बाटल्यांत ओतायची असते, रबरी नळीनं. त्यासाठी एक फुगा दिलेला आहे, तो दाबला की नळीत पाणी चढतं. पण फुग्याला वेळ लागतो आणि दादाला धीर कुठला! तो नळीला तोंड लावून ओढायचा, घोटभर पाणी तोंडात आलं की थुंकायचा आणि नळी बाटलीत सोडायचा. त्याच्या आधीचेही तसंच करायचे. उन्हाळ्यात तलावावर हिरवी साय धरते, रंगाचा डबा उपडा केल्यासारखी, तेव्हाही तेच. मी ओरडले तर म्हणायचा, "अगं, औषध समजून घेतो, पोट साफ राहतं."

आधी त्याचे ओठ गेले. शीळ घालायचा, ती येईनाशी झाली. मग बोटं, मग पाय. शेवटी शब्द एकेक करून गळायला लागले. आठ महिन्यांपूर्वी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. डोळे उघडे असतात, पण कुणावर ठरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या चेतापेशी मरतायत. पाण्यामुळे का, असं विचारलं तर म्हणाले, तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. कुणाला सांगताच येत नाही काही.

आमच्या केमिस्ट बाईंनी मात्र मला एक कागद दाखवला होता. त्यावर दोन फोटो. पहिल्यात चेतापेशी होत्या, काचेच्या बशीत वाढवलेल्या. एकेकीला लांबच लांब तंतू फुटलेले, सगळ्या एकमेकींचे हात धरून बसल्यासारख्या. दुसऱ्यात त्याच पेशी, तलावावरच्या सायीतलं विष घातल्यावर दोन दिवसांनी. तंतू आत ओढून घेतलेले आणि प्रत्येक पेशीचा वेगळा गोळा झालेला.

"मेल्या का हो?" मी विचारलं.

"लगेच नाही," बाई म्हणाल्या. "आधी एकमेकींना सोडतात. मरतात नंतर."

मला तो फोटो बघवेना. मी बाटल्या धुवायला निघून गेले.

दादा खुर्चीला खिळल्यावर लॅबचे साहेब म्हणाले, नवा माणूस मिळेपर्यंत तूच जा तलावावर. आठ महिने झाले, नवा माणूस काही उगवला नाही. मी फुगा वापरते. कितीही वेळ लागो.

३

मंगळवारी तिसऱ्या पिंपाशी पुन्हा बूच बंद. बुधवारीही. बाकीच्या चारही ठिकाणी सगळं सुरळीत.

बुधवारी मी बाटली होडीत घेऊन नीट पाहिली. बूच नुसतं बसलेलं नव्हतं. ते दाबून डावीकडे अर्धं फिरवलेलं होतं, आणि बारीक दोरीचे दोन वेढे बाटलीच्या गळ्याभोवती घेऊन टोक आत खोचलेलं होतं. असं करणारा सगळ्या खात्यात एकच माणूस होता. बाकीचे सगळे बूच उजवीकडे फिरवतात. दादा डावखुरा.

आता म्हणाल, बारीक दोरी आपोआप गुंडाळली असेल. मीही तेच म्हटलं. पिंजरा वर येताना गरगर फिरतो, दोरी पडते वेढे घेत. मासा धडकला असेल. बूच सैल असेल. मी लॅबमध्ये एक बादली भरली आणि तशीच बाटली त्यात शंभर वेळा खालीवर केली. केमिस्ट बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय चाललंय?"

"काही नाही, बूच तपासतेय."

"शंभर वेळा?"

"नव्वद झालेत, दहा राहिलेत," मी म्हटलं. एकदाही बसलं नाही ते बूच.

दुपारी बाईंनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. चेहरा वाकडाच होता. "तिसऱ्या ठिकाणचं पाणी तू गाळलंस का?"

"मी कशाला गाळू?"

"मग बघ."

मी डोळा लावला. इतर चार नमुन्यांत नुसती गर्दी होती, हिरव्या मण्यांच्या माळा एकमेकींत अडकलेल्या. तिसऱ्यात काहीच नव्हतं. तीन दिवसांचं तिसऱ्या पिंपाचं पाणी काढून पाहिलं, तिन्ही स्वच्छ. त्या हिरव्यागार तलावाच्या मधोमध कुणीतरी मला निवडून निवडून चांगलं पाणी भरून देत होतं.

"नळाचं पाणी भरून आणत असशील तर आत्ताच सांग," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दमलीयस तू, मी समजू शकते. साहेबांना नाही सांगणार."

एकवीस वर्षांत कुणी माझ्यावर असा आळ घेतला नव्हता. राग आला, पण रडूच जास्त आलं. मी म्हटलं, "बाई, उद्या तुम्ही चला होडीत." त्या होडीला घाबरतात, हे मला ठाऊक होतं.

४

लॅब सुटल्यावर मी दादाकडे गेले. बुधवारी मी तिथे असतेच, वहिनीला तेवढीच आंघोळीला नि झोपेला सवड.

वहिनी माझ्याच वयाची. लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं गूळपीठ, दादा म्हणायचा, दोघी मिळून मला विकून खाल. आता ती अर्धी झालीय. तिनं दार उघडलं आणि काही न बोलता टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. आजारी माणसांना कायमचं ठेवून घेतात तसल्या एका केंद्राचा अर्ज होता. दोन तासांच्या अंतरावर, भेट महिन्यातून एकदा. शुक्रवारी सही करून द्यायचा होता. सगळे रकाने भरलेले, एकच मोकळा. 'रुग्ण जवळच्या माणसांना ओळखतो का?'

"तिथे 'नाही' लिहिलं की घेतात," वहिनी म्हणाली.

"अगं, तिथे त्याच्याशी बोलणार कोण?"

"इथे मी बोलते ना आठ महिने. भिंतीशी बोलावं तसं." ती खाली बसली. "परवा ह्यांना उचलताना पाठीत उसण भरली. दोघंही जमिनीवर पडलो. दोन तास तसेच पडून होतो गं, माझा हात ह्यांच्या खाली. मी हाका मारतेय आणि हे छताकडे बघतायत. मला एवढंच कळू दे की हे आत कुठेतरी आहेत. मग मी मरेपर्यंत उचलीन. पण कुणीच नसेल, तर मी कुणाला उचलतेय?"

तिला दोष द्यायची माझी काय टाप! मी तिला आत झोपायला पाठवलं आणि दादासमोर स्टूल ओढून बसले. त्याची हनुवटी पुसली. त्याचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता.

"दादा, तिसऱ्या पिंपाशी कोण असतं रे?" मी विचारलं.

काही नाही. खिडकीवर एक माशी होती, ती गेली.

वहिनी उठून आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हात हलवतो का गं कधी?"

"डावा. सकाळी एकदाच," ती म्हणाली. "आठाच्या सुमाराला. अंगठा आणि दोन बोटं धरून असं करतात, काहीतरी दाबल्यासारखं, मग फिरवल्यासारखं. सोमवारपासून सुरू झालंय. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, नसा ओढतात, अर्थ काढत बसू नका."

तिनं करून दाखवलं. दाबलं, आणि डावीकडे अर्धं फिरवलं.

तिसऱ्या पिंपाशी मी आठालाच पोचते.

५

घरी जाऊन मी नीट विचार केला. मी काही भोळीभाबडी नाही. तीन दिवस, एक वेळ, एक हात. योगायोगालाही तीन दिवस पुरतात. सव्वीस वर्षं जो हात रोज आठाला बूच फिरवतो, तो सवयीनंही फिरवील. फक्त सोमवारपासूनच का, एवढं एक उरत होतं. आणि पाणी. आणि ते दोन वेढे.

गुरुवारी सकाळी बूच बंदच आलं. मी होडीतून वहिनीला फोन लावला. "आत्ता हात हलला का?"

"हो, आत्ताच. तुला कसं कळलं?"

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हीसुद्धा म्हणणार, तुला विश्रांतीची गरज आहे.

"माझी समजूत घालायला सांगत नाहीस ना?" तिनं विचारलं.

"तुझी शपथ."

"मग उद्या वेगळ्या वेळेला सोड बाटली. अकराला. अकराला ह्यांचा हात कधी म्हणजे कधी हलत नाही. मी समोर बसते, फोन चालू ठेवते. हलला तर अर्ज फाडून टाकीन. नाही हलला तर मला सही करू दे, आणि परत असलं काही सांगायला येऊ नकोस. मला नाही सोसायचं."

मी कबूल केलं. एका बुचावर माझा भाऊ पणाला लागला होता.

६

शुक्रवारी सकाळची फेरी मी मुद्दाम केलीच नाही. लॅबमध्ये सांगितलं, होडीत पाणी शिरलंय, उपसून अकराला जाते.

तलाव अगदी निवांत होता. वारा नाही, पाखरू नाही. हिरवी साय इतकी जाड धरली होती की होडी गेली की मागे काळी वाट पडायची आणि बघता बघता बुजायची. तिसऱ्या पिंपाशी होडी बांधली. फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला.

"बसलीस का समोर?"

"बसलेय," वहिनी म्हणाली. "हात मांडीवर आहे. दहा अठ्ठावन्न झाले."

तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. दादाचा श्वासही, घरघर करणारा.

बरोब्बर अकराला मी बाटली सोडली. एक गाठ, दोन, तीन, चार. हिसका दिला. बुडबुडे आले, साय जराशी फाटली, बुडबुडे थांबले.

"हलला?"

"नाही."

मी थांबले. मनात म्हटलं, दादा, तुला वेळेचं भान नसेल, पण मी आहे, बारकी. वर ओढून पाहिली तर बूच लोंबकळत होतं. ओतून दिलं, बूच बसवलं आणि परत सोडली. पाच गाठी. सहा. मग माझ्याकडून ती चूक झाली. जड पिंजरा हातातून निसटू नये म्हणून मी दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले. दोरी कधी अंगाला बांधायची नाही, हे होडीतला पहिला धडा. पण मला ती गमवायची नव्हती. सातवी गाठ पाण्यात गेली. तळ लागायला हवा होता, दोरी सैल पडायला हवी होती.

दोरी सैल पडली नाही. ती खाली जातच राहिली.

"हलला गं!" फोनमधून वहिनी ओरडली. "हात हलला! बोटं मिटतायत, मूठ करतायत!"

मला हसूच आलं. आनंदानं, खरंच. मी म्हटलं, "सांगत होते ना तुला!" आणि तेवढ्यात दोरी ताठ झाली. खालून कुणीतरी ती धरली होती. ओढ हळू होती, हिसका वगैरे काही नाही. विहिरीतून भरलेली बादली काढताना आपण हात बदलत ओढतो ना, तशी. माझं मनगट होडीच्या काठाला टेकलं, मग कोपर. होडी कलली. मी वेढे सोडवायला गेले तर ते रुतून बसले होते.

मी वाकून खाली पाहिलं. पाहायला नको होतं.

साय तिथे फाटलेली होती. हाताच्या अंतरावर, पाण्याखाली, दोरीवर एक डावा हात होता. अंगठ्याला नख नव्हतं. ते दादाचं नख होडीच्या साखळीत सापडून गेलं तेव्हा मीच पट्टी बांधली होती. तो हात दोरी ओढत नव्हता. तो तिला लटकला होता. कारण त्याच्या मनगटावर दुसरा हात होता, आणि त्या मनगटावर तिसरा, लहानसा, आणि त्याच्याखाली आणखी. एकाखाली एक, पार हिरव्या अंधारापर्यंत. सगळे घट्ट धरलेले. कुणीच कुणाला सोडत नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "वर ये. ये ना रे." आणि मी ओढायला लागले. देवाशपथ सांगते, मी पळायला बघत नव्हते. मला त्याला वर घ्यायचं होतं. पाणी काठावरून होडीत आलं, माझी बाही भिजली, मग खांदा.

फोनमध्ये वहिनी काहीतरी बोलत होती ती एकदम थांबली. खुर्ची कुरकुरली. आणि मग स्वच्छ, खणखणीत, आठ महिन्यांत न ऐकलेला आवाज आला.

"बारके, दोरी सोड."

पाण्यातला हात उघडला. दोरी एकदम ढिली झाली, वेढे मनगटावरून सरकले आणि सगळी दोरी सरसर करत काठावरून गेली. मी धरू शकले असते. शेवटची दोन हात दोरी माझ्या तळहातावरून जाताना मी मूठ मिटू शकले असते. त्यानं सांगितलं म्हणून मी मिटली नाही. लहानपणापासून त्याचं ऐकायची सवय.

साय परत जुळून आली.

७

मी ओल्याच कपड्यांनी त्याच्याकडे गेले. वहिनीनं दारातच मला मिठी मारली. हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. अर्जाचे तुकडे जमिनीवर पसरले होते.

"बोलले! ऐकलंस ना? अगदी पूर्वीसारखे! मी डॉक्टरांनाही कळवलं. म्हणाले, असं क्वचित होतं. मी म्हटलं, होऊ दे की!"

दादा खुर्चीत होता. डोळे खिडकीकडे. डावा हात मांडीवर उताणा, बोटं उघडी. मी तो हातात घेतला. गार नव्हता, ऊबदार होता, माणसाचा असतो तसाच. मी त्याची बोटं माझ्या बोटांभोवती मिटवली. मी सोडल्याबरोबर ती उघडली.

त्याला आता तीन आठवडे झाले. दुसरी दोरी घेऊन मी रोज आठाला तिसऱ्या पिंपाशी जाते. चार गाठी, त्यापुढे एक वीतभरही नाही. बूच लोंबकळत येतं. पाण्यात इतर ठिकाणांसारखीच माळांची गर्दी. केमिस्ट बाई खूश आहेत, म्हणाल्या, चला, सुधारलीस. दादाचा हात आठालाही हलत नाही. वहिनीनं हे मला सांगितलं तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिच्या लेखी तो आत आहे, बोललाय, पुन्हा बोलेल. ती त्याला उचलते, भरवते, दिवसभर त्याच्याशी गप्पा मारते. मदतीला एक बाईही ठेवलीय. घरात परत आवाज असतो. मला ते बघून बरं वाटतं, पण त्या हातांचं मी तिला सांगितलेलं नाही. दादा माझ्या दोरीला लटकला होता आणि मी दोरी सोडली, हेही नाही.

काल मी निघताना तिनं मला दाराशी थांबवलं. तिच्या तोंडावर लाज होती, काही मागायला आलेल्या लहान मुलीसारखी.

"एक विचारू? रागावू नकोस हं."

"विचार की."

"आठ महिने मी केलं सगळं. एक वाक्य बोलले, तेही तुझ्याशी." ती पटकन पुढे म्हणाली, "तुझा हेवा नाही करत गं. भाऊ आहे तुझा. पण उद्या अकराला परत जाशील का? ती बाटली तशीच खोल सोडशील का, एकदाच? मी समोर बसते."

"वहिनी, तो परत बोलेलच असं नाही."

"मला माहितेय." तिनं माझा हात धरला. माझ्या मनगटावर दोरीचे वळ अजून होते, ते तिच्या बोटांखाली दुखले, पण मी हात काढून घेतला नाही. "माझं नाव तर त्यांनी सगळ्या संसारात कधी घेतलं नाही. 'अगं' म्हणूनच हाक मारायचे. तेवढंच म्हणू दे. नुसतं 'अगं' म्हणाले तरी मला पुरे."

तिच्या खांद्यावरून मला दादा दिसत होता. खिडकीतलं ऊन त्याच्या उघड्या तळहातावर पडलं होतं.

मी म्हटलं, "बरं. अकराला."